दिव्यांगांचा ५ टक्के निधी आणि घरकुल: बजेटमधला पैसा शोधायचा कसा आणि मागायचा कधी

मार्च एंड जवळ आला की बऱ्याच ग्रामपंचायतींना एकदम आठवतं की अरे, दिव्यांगांचा ५ टक्के निधी पडून आहे. मग दोन दिवसांत आधार आणि पासबुकच्या झेरॉक्स गोळा करा, कोणाच्या खात्यात हजार टाका, कोणाच्या बाराशे, एखादा फोटो काढा आणि विषय संपला. लोकही खुश असतात कारण काहीच न मिळण्यापेक्षा हजार बरे. पण हा पैसा तुम्ही मार्चात मागितला तर उरलंसुरलंच हातात पडणार, कारण त्या वर्षाचं अंदाजपत्रक आदल्या हिवाळ्यातच ठरलेलं असतं. सगळा खेळ आहे तो ऑक्टोबर ते जानेवारीचा, आणि त्या चार महिन्यांत नेमकं काय करायचं ते खाली पायरीपायरीने लिहितोय. महाराष्ट्रापुरतं बोलतोय, मुख्यतः गावाचं, शहराचं मध्ये थोडं येईल.

पायरी १: पैसा कोणाच्या खिशातून येतो ते आधी नीट कळू द्या

हे कंटाळवाणं वाटेल पण इथेच जास्तीत जास्त लोक चुकीच्या दारात जाऊन उभे राहतात. राज्यघटनेच्या राज्यसूचीत ९ नंबरची नोंद दिव्यांगांना साहाय्य देण्याची आहे, म्हणजे मूळ जबाबदारी राज्याची. मग ७३ वी आणि ७४ वी घटनादुरुस्ती झाली, त्यातून आलेल्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींच्या २९ विषयांमध्ये ग्रामीण गृहनिर्माण आणि दिव्यांगांसह समाजकल्याण हे दोन्ही विषय आहेत. बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांकडे दुर्बल घटकांच्या, त्यात दिव्यांगांच्या, हिताचं रक्षण दिलंय. त्यामुळे 'हा आमचा विषय नाही, वरून आलं तर देऊ' असं कोणी सांगितलं तर ते अर्धवट आहे.

व्यवहारात पैशाचे तीन-चार वेगळे नळ आहेत. महिन्याचं अनुदान म्हणजे संजय गांधी निराधार योजना, ती राज्य सरकारची आणि तुमच्यासाठी दार तहसील कार्यालयाचं. घरकुल म्हणजे प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण, तिच्यात केंद्राचे ६० टक्के आणि राज्याचे ४० टक्के, दार ग्रामपंचायत आणि पंचायत समितीचं. तिसरा नळ म्हणजे ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगरपालिका यांच्या स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के. आधी हे ३ टक्के होते, नवा दिव्यांग कायदा आल्यावर २०१८ मध्ये ५ झाले. जिल्हा परिषदेचा हा पैसा सेस फंडातून, म्हणजे तिच्या स्वतःच्या उत्पन्नातून, येतो आणि समाजकल्याण विभाग तो वाटतो, त्याचे अर्ज पंचायत समितीत मागवतात. बरेच जण फक्त ग्रामपंचायतीत अर्ज देऊन थांबतात आणि झेडपीच्या अर्जाची तारीख कधी निघून गेली ते त्यांना कळतही नाही. पंचायत समितीतल्या समाजकल्याणच्या टेबलाचा नंबर घेऊन ठेवा, ही सर्वात स्वस्त आणि सर्वात उपयोगी गोष्ट आहे.

राज्यात डिसेंबर २०२२ पासून स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग आहे आणि दिव्यांग कल्याण आयुक्तालय पुण्यात. त्यांचं काम शेवटच्या पायरीत येईल.

पायरी २: कागद आधी, मागणी नंतर

२०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. आधीच्या १९९५ च्या कायद्यात प्रकार ७ होते, आता २१ आहेत, म्हणजे थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल, ऑटिझम, पार्किन्सन, ॲसिड हल्ल्यातल्या पीडित व्यक्ती हे सगळे यात आले. विदर्भात सिकलसेलचे किती रुग्ण आहेत बघा, आणि त्यातल्या किती जणांनी दिव्यांग प्रमाणपत्रासाठी अर्ज केलाय ते विचारा. बहुतेकांना माहितीच नसतं.

आरक्षणाचे फायदे ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर मिळतात. स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचा, अर्ज करायचा, मग जिल्हा रुग्णालयात किंवा नेमून दिलेल्या दुसऱ्या सरकारी रुग्णालयात तपासणी. कार्ड पांढरं असेल तर ४० च्या खाली, पिवळं म्हणजे ४० ते ७९, निळं म्हणजे ८० आणि त्याच्या वर. कार्डाला सरकारी फी नाही, एजंट पैसे मागतात ते स्वतःसाठी. प्रमाणपत्र तात्पुरतं असेल तर त्याची मुदत बघा, मुदत संपलेलं प्रमाणपत्र हे अर्ज बाजूला ठेवायचं सगळ्यात सोपं कारण असतं.

आता एक गोष्ट जी अर्जापेक्षा मोठी आहे: ग्रामपंचायतीत दिव्यांगांची नोंदवही. गावात किती दिव्यांग आहेत याचा आकडा ग्रामपंचायतीकडे धड नसेल तर बजेटमध्ये तरतूद अंदाजपंचे होते. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार दिव्यांग नोंदले गेले, पण तेव्हा २१ प्रकार नव्हतेच. म्हणजे जुन्या आकड्यावर नवी तरतूद. आशाताई आणि अंगणवाडीताईंना बरोबर घेऊन गावाची यादी करा, नाव, वय, प्रकार, टक्केवारी, कार्ड आहे का, घर कसं आहे, संडास वापरता येतो का. शेवटचे दोन रकाने विसरू नका, ते घरकुलाला लागणार आहेत. यादी झाली की ग्रामपंचायतीच्या आवक-जावक टेबलावर द्या आणि पोच घ्या.

पायरी ३: ५ टक्के कशाचे?

इथे सगळ्यात जास्त भांडणं होतात. ५ टक्के हे ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नाचे. घरपट्टी, दिवाबत्ती कर, बाजार फी, गाळ्यांचं भाडं, मोबाईल टॉवरचा कर असं गावाने स्वतः जमवलेलं. वित्त आयोगाचा जो निधी येतो तो स्वउत्पन्न नाही. त्यामुळे गावात ४० लाखांची कामं चालली आहेत म्हणून दिव्यांगांचे २ लाख द्या, असं म्हटलं तर ग्रामसेवक एका वाक्यात तुम्हाला गप्प करतील आणि ते बरोबर असतील. (आता त्या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात पण गावात अजून ग्रामसेवकच.)

एक उदाहरण घेऊ, आकडे फक्त समजायला. अंदाजपत्रकात स्वउत्पन्न धरलं ९ लाख, त्याचे ५ टक्के ४५ हजार. वर्षभरात वसुली झाली साडेपाच लाख. मग प्रत्यक्षात उरले साडेसत्तावीस हजार. गावात ३५ दिव्यांग असतील तर माणशी आठशेच्या आतच. म्हणजे घरपट्टी थकवणारा माणूस दिव्यांगांच्या निधीलाही कात्री लावतोय, हे ग्रामसभेत बोलायला हरकत नाही, फार कोणी बोलत नाही. आणि दुसरी बाजू अशी की गावात कारखाना, पेट्रोल पंप, ढाबे, रिसॉर्ट असतील आणि त्यांची आकारणी जुन्या दरानेच चालू असेल तर नमुना ८ ची, म्हणजे घरपट्टी आकारणीची, नोंदवही बघा, तिथे पैसा अडकलेला सापडू शकतो.

आकडे मिळवायचे कसे? आधी साधं मागून बघा. ग्रामपंचायतीचं अंदाजपत्रक नमुना १ मध्ये असतं आणि वर्षाचा जमाखर्च नमुना ३ मध्ये. हे दोन कागद शेजारी ठेवले की तरतूद किती होती आणि खर्च किती झाला ते कळतं. दिलं नाही तर माहिती अधिकार. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांच्या आत आणि एकाच विषयावर लागतो, फी १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना माफ. मजकूर असा लिहू शकता:

"सन २०२२-२३, २०२३-२४ व २०२४-२५ या वर्षांसाठी ग्रामपंचायतीचे प्रत्यक्ष जमा स्वउत्पन्न, दिव्यांग कल्याणासाठी ५ टक्क्यांप्रमाणे केलेली तरतूद, त्यातून झालेला बाबनिहाय खर्च, लाभार्थ्यांची संख्या, तसेच प्रत्येक वर्षअखेर अखर्चित राहिलेली रक्कम व ती सध्या कोणत्या बँक खात्यात आहे, याची माहिती नमुना १ व नमुना ३ च्या प्रतींसह द्यावी."

लाभार्थ्यांची नावं मागू नका, वैयक्तिक माहिती म्हणून अख्खा अर्ज अडकवतील. तुम्हाला संख्या आणि रक्कम पुरते. उत्तर ३० दिवसांत यायला हवं, नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, तिथेही काही झालं नाही तर ९० दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं. आयोगाकडे नंबर लागायला वेळ जातो हे धरून चाला, बहुतेक कामं पहिल्या अपिलाच्या नोटिशीतच होतात.

उत्तर आलं की कागदावर एक तक्ता करा: वर्ष, स्वउत्पन्न, त्याचे ५ टक्के, तरतूद, खर्च, राहिलेले. तीन ओळींचा तक्ता. ग्रामसभेत तासभर भाषण करून जे होत नाही ते या तीन ओळींनी होतं.

पायरी ४: ग्रामसभा आणि तारखा

वर्षात चार ग्रामसभा ठरलेल्या असतात, साधारण २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या आसपास. यातली २ ऑक्टोबरची आपल्यासाठी सर्वात महत्त्वाची, कारण तिथून पुढच्या वर्षाच्या ग्रामपंचायत विकास आराखड्याचं काम सुरू होतं. आराखड्यात नाव नसलेलं काम नंतर घुसवणं अवघड. त्यानंतर डिसेंबर-जानेवारीत अंदाजपत्रक तयार होऊन पंचायत समितीकडे जातं. तिकडून परत आलं की १ एप्रिलपासून तेच चालणार.

म्हणून सप्टेंबरातच लेखी अर्ज द्या की अमुक विषय ग्रामसभेच्या अजेंड्यावर घ्या. 'आयत्या वेळचे विषय' मध्ये बोलू असं ठेवू नका, तोपर्यंत अर्धे लोक उठून गेलेले असतात आणि प्रोसिडिंगमध्ये एक ओळ येते, 'चर्चा करण्यात आली'. कोरम १५ टक्के मतदार किंवा १०० मतदार, यातलं जे कमी असेल ते. कोरमअभावी सभा तहकूब झाली तर पुढच्या तहकूब सभेला कोरम लागत नाही, आणि बरेच ठराव तिथेच दहा-पंधरा माणसांत होऊन जातात. म्हणून तहकूब सभेला नक्की जा, आपली पाच माणसं तिथे जास्त वजनदार ठरतात.

ठराव कसा लिहून घ्यायचा यावर थोडं. 'दिव्यांगांना ५ टक्के निधी देण्यात यावा' हा ठराव काही कामाचा नाही, तो आधीच नियम आहे. ठरावात रक्कम, काम आणि मुदत तिन्ही पाहिजेत, म्हणजे मागच्या तीन वर्षांचे राहिलेले इतके रुपये, अधिक यंदाचे इतके, यातून अमुक कामं डिसेंबरअखेर पूर्ण करायची. सूचक-अनुमोदकाची नावं टाका आणि प्रोसिडिंगची सहीशिक्क्याची नक्कल आठवड्याभरात मागून घ्या, आठवड्याभरातच, कारण नंतर नक्कल मिळते पण मजकूर बदललेला असतो अशाही तक्रारी कानावर येतात.

सभा दुसऱ्या मजल्यावर किंवा पायऱ्या असलेल्या हॉलमध्ये असेल तर ती खाली घ्या म्हणून आधीच लेखी मागा. कर्णबधिर कोणी असेल तर खुणांची भाषा जाणणारी व्यक्ती मागा. मिळेलच असं नाही, पण मागितल्याचा कागद नंतर उपयोगी पडतो.

पायरी ५: मागायचं काय

माझं मत सरळ सांगतो, सगळ्यांना सारखे पाचशे-हजार वाटणं हा या पैशाचा सगळ्यात कमकुवत वापर आहे. पण त्याला नावं ठेवणाऱ्यांनी हेही बघावं की घरात रेशनला पैसे नसलेल्या बाईला रॅम्पपेक्षा हजार रुपये जवळचे वाटतात, आणि त्यात तिचं काही चुकत नाही. त्यामुळे दोन वाटे करा. काही वैयक्तिक लाभ, ज्यात खरोखर अडलेल्यांना औषध, प्रवास, उपकरण दुरुस्ती. आणि काही सामूहिक, शाळा, आरोग्य उपकेंद्र, ग्रामपंचायत, रेशन दुकान इथली वाट, संडास, पाण्याचा नळ.

उपकरण दुरुस्ती हा विषय कोणी मागत नाही आणि तो फार कामाचा आहे. शिबिरात तीनचाकी सायकल मिळते, वर्षात टायर जातं, मग ती गोठ्यात उभी. दरवर्षी नवी सायकल वाटण्याऐवजी दुरुस्तीसाठी पाच-सात हजार बाजूला ठेवले तर जास्त चाकं फिरतील. मागणी लिहिताना मात्र जीआरमध्ये दिलेल्या कामांच्या यादीतल्या कुठल्या बाबीत ते बसतं ते ग्रामसेवकांना विचारून तेच शब्द वापरा, नाहीतर ऑडिटमध्ये आक्षेप निघतो आणि पुढच्या वर्षी ते हात आखडता घेतात. त्यांचीही नोकरी आहे.

मतिमंद मूल किंवा अंथरुणाला खिळलेली व्यक्ती असलेल्या घरांचा विचार वेगळा करा, त्या घरात सांभाळणाऱ्या बाईची मजुरी बुडत असते. ती ग्रामसभेला येऊ शकत नाही म्हणून तिची मागणी यादीत येत नाही. कोणीतरी घरी जाऊन विचारायला हवं.

पायरी ६: घरकुल, इथे जरा निवांत वाचा

दिव्यांग कायद्याचं कलम ३७ सांगतं की घरवाटपाच्या सगळ्या संबंधित योजनांमध्ये ४० टक्क्यांवरच्या दिव्यांगांना ५ टक्के आरक्षण, त्यात दिव्यांग महिलांना प्राधान्य. सवलतीच्या दरात जमीन वाटप असेल तिथेही ५ टक्के. कागदावर स्वच्छ. पण घरकुल योजनेत हे ५ टक्के राज्य पातळीवर मोजतात, गाववार नाही. गावाला १० घरकुलं आली तर त्यातलं अर्धं घर दिव्यांगाचं असा हिशोब होत नाही. म्हणून गावात '५ टक्के कुठायत' म्हणून भांडण्यापेक्षा दोन गोष्टी तपासा. एक, तुमचं नाव यादीत आहे का. दोन, त्या नावापुढे दिव्यांग अशी नोंद आहे का. दुसरी नोंद नसेल तर वरच्या पातळीवर तुम्ही मोजलेच जात नाही.

२०११ च्या सामाजिक-आर्थिक सर्वेक्षणातून ज्या पहिल्या याद्या निघाल्या त्यात घरात दिव्यांग व्यक्ती आहे आणि धडधाकट प्रौढ कोणी नाही, हा वंचितपणाचा एक निकष होता. नंतर आवास प्लसचं प्रपत्र ड, म्हणजे आधीच्या यादीतून सुटलेल्यांची यादी, आलं, मग २०२४ पासून नवीन सर्वेक्षण. अपात्रतेच्या अटी आधी १३ होत्या त्या १० केल्या, दुचाकी आणि फ्रीज असणं आता आड येत नाही, महिन्याच्या उत्पन्नाची अट १० हजारांवरून १५ हजार झाली. पण यांत्रिक तीनचाकी किंवा चारचाकी असेल तर घर अपात्र ठरतं, आणि इथेच लक्ष ठेवा, साईडला चाकं लावलेली दिव्यांगांची स्कूटर सर्व्हे करणाऱ्याने चुकून तीनचाकी म्हणून भरली तर नाव उडू शकतं. आरसी बुकची झेरॉक्स दाखवून दुचाकी अशीच नोंद करायला लावा.

पैसे किती? सपाट भागात १ लाख २० हजार, डोंगराळ भागात १ लाख ३० हजार, त्याला संडासाचे १२ हजार आणि रोजगार हमीतली साधारण ९० दिवसांची मजुरी जोडलेली. राज्याच्या २०२५-२६ च्या बजेटमध्ये घरकुलाला ५० हजारांची वाढ जाहीर झाली, ती तुमच्या मंजुरीला लागू आहे का ते पंचायत समितीत घरकुल विभागात विचारा. पहिला हप्ता १५ हजारांचा, पुढचे हप्ते काम आणि जिओ टॅग फोटोप्रमाणे. हप्ता अडकला की बांधकाम थांबतं, सिमेंटवाला दारात येतो. तेव्हा 'निधी नाही' या उत्तरावर थांबू नका, केंद्राचा हिस्सा यायचाय की राज्याचा, की तुमचाच फोटो किंवा आधार जोडणी अडकलीय, हे नेमकं विचारा. निम्म्या वेळा तिसरंच निघतं.

नावाची एक बारीक गोष्ट. घरकुल सहसा नवरा-बायको दोघांच्या किंवा फक्त बाईच्या नावावर मंजूर होतं. पण दिव्यांग कोट्यातून मंजूर झालेलं घर फक्त त्या दिव्यांग व्यक्तीच्याच नावावर असावं असं योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत आहे. भाऊ कागद करून आणतो आणि नंतर दिव्यांग बहिणीला पडवीत खाट मिळते असे प्रकार होतात, त्यामुळे मंजुरी आदेश स्वतः वाचा किंवा विश्वासातल्या माणसाकडून वाचून घ्या.

जागाच नसेल तर पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजना आहे, ५०० चौरस फुटांपर्यंतच्या जागेसाठी. तिची मदत आधी ५० हजारांपर्यंत होती, ती १ लाखापर्यंत वाढवली. प्रवर्गानुसार रमाई, शबरी, मोदी आवास, यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत अशा वेगळ्या योजना आहेत. एकाच यादीकडे डोळे लावून बसू नका.

आता घर कसं बांधायचं. हे मंजुरी आल्याआल्या, जोत्याआधी ठरवा, कारण नंतर तोडफोडीला पैसे कुठून आणणार. व्हीलचेअरच्या रॅम्पचा उतार १ ला १२ लागतो, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. आपल्याकडे पावसाच्या भीतीने जोतं दोन फूट उचलतात, मग रॅम्प झाला चोवीस फुटांचा, आणि पुढे अंगण दहा फूट. मग गवंडी काय करतो, दहा फुटांतच रॅम्प बसवतो आणि तो घसरगुंडी होतो, त्यावरून व्हीलचेअर चढवायला दोन माणसं लागतात. पर्याय असा की पाणी तुंबत नसेल तिथे जोतं शक्य तितकं कमी ठेवा, घराची दिशा अशी घ्या की दार रस्त्याच्या उंच बाजूला येईल, किंवा रॅम्प भिंतीला धरून वळवा आणि वळणावर सपाट जागा सोडा. दाराची मोकळी रुंदी ९० सेंटीमीटर, उंबरा नको, संडासचं दार बाहेर उघडणारं, आत धरायला पाईप. घरकुलाचं किमान क्षेत्र २५ चौरस मीटर आहे, तेवढ्यात व्हीलचेअर वळायला दीड मीटरची जागा काढायची तर आतली एखादी भिंत कमी करावी लागते, ती करा.

आणि इथे दोन बजेट जोडता येतात, जे फार कमी ठिकाणी केलं जातं. घराचा पैसा घरकुलाचा, पण रॅम्प, पाईप, कमोडचा वाढीव खर्च ग्रामपंचायतीच्या ५ टक्क्यांतून मागता येतो. सात-आठ हजारांचं काम असतं. त्यासाठी ठरावात 'मंजूर घरकुलधारक दिव्यांगांच्या घरात सुगम्यतेची कामं' अशी ओळ टाकून घ्या आणि अभियंत्याचं छोटं अंदाजपत्रक जोडा.

पायरी ७: शहरात असाल तर

इथे ग्रामसभा नाही, त्यामुळे दबाव वेगळ्या जागी लावायचा. महापालिकेत आयुक्त अंदाजपत्रक स्थायी समितीला साधारण जानेवारी-फेब्रुवारीत देतात, नगरपालिकेत मुख्याधिकारी तयार करतात, निवडणूक झालेली नसेल तर प्रशासकच मंजूर करतो. तुमचं निवेदन नोव्हेंबरात गेलं पाहिजे, तेही समाजविकास किंवा दिव्यांग कक्षाकडे आणि लेखा विभागाकडे दोन्हीकडे, कारण पहिला विभाग मागणी लिहितो आणि दुसरा कापतो. स्वउत्पन्न मोठं असल्याने शहरात ५ टक्के म्हणजे खरी रक्कम होते. मुंबई महापालिकेने धर्मवीर आनंद दिघे योजनेत ४० ते ८० टक्के दिव्यांगांना महिन्याला १ हजार आणि ८० च्या वरच्यांना ३ हजार असं ठरवलं, म्हणजे मनात आलं तर नियमित मदत बसवता येते. तुमच्या पालिकेला हे उदाहरण लेखी दाखवा.

घरासाठी प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० आहे, १ सप्टेंबर २०२४ पासून. वार्षिक उत्पन्न ३ लाखांपर्यंत असणाऱ्यांना अत्यल्प उत्पन्न गटात धरतात, स्वतःच्या जागेवर बांधायला अडीच लाखांपर्यंत मदत. म्हाडाच्या सोडतीत अर्ज भरताना दिव्यांग प्रवर्ग निवडायला विसरू नका, आणि घर लागलं तर तळमजल्याची मागणी लगेच लेखी द्या.

पायरी ८: राज्याचं बजेट वाचायला घाबरू नका

हे सगळ्यांनी करायची गरज नाही, पण तालुक्यात संघटना असेल तर एकाने तरी शिकावं. अर्थसंकल्पाच्या पुस्तकांत प्रत्येक खर्चाला लेखाशीर्ष असतं. २२३५ म्हणजे सामाजिक सुरक्षा व कल्याण, त्याच्या पोटात ०२-१०१ दिव्यांगांचं कल्याण. २२१६ म्हणजे गृहनिर्माण. प्रत्येक ओळीला रकाने असतात: मागचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा अंदाज, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाचा अंदाज. बातम्यांत येतो तो शेवटचा. तुम्ही बघायचा पहिला, आणि मधल्या दोघांमधला फरक. सुधारित अंदाज मूळ अंदाजापेक्षा बराच खाली असेल तर समजा की वर्षाच्या मधेच पैसा काढून घेतला. वर्ष चालू असताना बीम्स या राज्य सरकारच्या निधी वाटपाच्या ऑनलाइन प्रणालीवर किती निधी वितरित झाला आणि किती खर्च पडला हेही दिसतं. तरतूद, वितरण, खर्च या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि भाषणात फक्त पहिली येते.

याचा उपयोग? समजा अधिवेशनाआधी तुमच्या आमदारांना भेटलात, तर 'दिव्यांगांसाठी काहीतरी करा' म्हणण्यापेक्षा 'या लेखाशीर्षात इतके धरले, इतकेच वितरित झाले, बाकीचे कधी' असा प्रश्न लिहून द्या. तो सभागृहात जसाच्या तसा विचारता येतो.

महिन्याच्या अनुदानाबाबत कायद्याचं कलम २४ लक्षात ठेवा, सामाजिक सुरक्षेच्या योजनांत दिव्यांगांना इतरांपेक्षा किमान २५ टक्के जास्त मदत मिळाली पाहिजे असं त्यात आहे, अर्थात सरकारच्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत अशी पुस्ती जोडून. महाराष्ट्रात संजय गांधी योजनेत बरीच वर्षं दिव्यांग आणि बाकीचे सगळे सारखेच होते, शेवटी १५०० रुपये. ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांचे २५०० झाले. केंद्राचा त्यातला वाटा अजून ३०० रुपयेच आहे, तोही ८० टक्के दिव्यांगत्व आणि दारिद्र्यरेषेखालच्या यादीत नाव असेल तरच. बाकीचा भार राज्य उचलतं, त्यामुळे राज्याची तिजोरी आटली की पहिल्यांदा हेच पैसे लांबतात.

पायरी ९: नाहीच दिलं तर

क्रम पाळा, उड्या मारू नका. आधी गटविकास अधिकाऱ्यांकडे लेखी, त्या तक्त्यासह. मग जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे. प्रत्येक सरकारी कार्यालयात दिव्यांगांसाठी तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असावा असं कलम २३ सांगतं, त्याचं नाव विचारा, बऱ्याच ठिकाणी तिथल्या लोकांनाच माहीत नसतं. जिल्हाधिकारी कार्यालयात महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, तालुक्याला तिसऱ्या सोमवारी. आपले सरकार पोर्टलवरही तक्रार टाका, टोकन नंबर मिळतो.

यातून काही झालं नाही तर पुण्याचे दिव्यांग कल्याण आयुक्त. त्यांना दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत, कागद मागवता येतात, अधिकाऱ्याला हजर राहायला सांगता येतं. तक्रारीत भावना कमी आणि कागद जास्त ठेवा: यूडीआयडीची प्रत, माहिती अधिकाराचं उत्तर, तीन वर्षांचा तक्ता, ग्रामसभेचा ठराव, दिलेल्या अर्जांच्या पोचपावत्या, तारखेप्रमाणे लावून. एकट्याने करण्यापेक्षा चार-पाच जणांनी सहीने केलेली तक्रार बरी, म्हणजे गावात एकावर राग निघत नाही. आयुक्तांनी शिफारस केली की संबंधित कार्यालयाने तीन महिन्यांत काय केलं ते त्यांना कळवायचं असतं, कलम ८१. ते तीन महिने उलटले तर आयुक्तांनाच स्मरणपत्र द्या आणि त्याची प्रत गटविकास अधिकाऱ्यांना, आणि स्मरणपत्रात मूळ तक्रारीचा आवक क्रमांक टाकायला विसरू नका, नाहीतर ती नवीन तक्रार म्हणून पुन्हा पहिल्यापासून फिरते.